सारंगनानांच्या बारा बंदुका

हात रिकामे असलेल्या माणसाला सारंगनाना कधीही गोष्ट वाचून दाखवत नसत. एखादा पाहुणा त्यांच्या ओटीवर हाताची घडी घालून बसला आणि "नाना, तुमची कादंबरी ऐकवा की" म्हणाला, तर ते त्याला चहा देत, वाऱ्यापाण्याच्या गप्पा मारत आणि गोड बोलून वाटेला लावत. मग म्हणत, "रिकाम्या हाताचा माणूस भिडेखातर ऐकतो. ज्याचे हात कामात हायत त्याला भीड धरायला येळ नाय."

म्हणून ते आपलं लिखाण घेऊन सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायांकडे जात. त्यात माझी आईही असे. दोन बोंबील उचलायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर टाकायची. हे काम इतक्या वेगानं चाले की बघणाऱ्याला हात दिसत नसत, नुसते बोंबील आपोआप दोरीवर चढताना दिसत. नाना एक टोपली उपडी घालून वाऱ्याच्या बाजूला बसत आणि डेकवर हुकूम देऊन कमावलेल्या आवाजात वाचायला लागत. एक डोळा कागदावर, एक डोळा बायांच्या हातांवर. हात मंदावले की त्यांचा आवाज चढे. हात थांबले की ते कानावरची पेन्सिल काढून समासात बरोबरची खूण करत. आणि हात जोरात चालायला लागले तर तो परिच्छेद तिथल्या तिथे खोडला जाई. एकदा त्यांनी भूमध्य समुद्रातल्या सूर्यास्ताचं वर्णन केलं होतं, चांगलं पानभर. वाचताना बायांनी अर्धी दोरी भरून टाकली. "सूर्यास्त गेला," नाना म्हणाले आणि त्यांनी पानावर आडवी रेघ मारली. "इतकी घाई सूर्याला पण नसते."

सारंग म्हणजे मालवाहू जहाजावर डेकवरच्या खलाशांचा मुकादम. नाना मिसरूड फुटायच्या वयात जहाजावर चढले ते केस पिकल्यावर कायमचे उतरले. तेव्हा मी शाळेत होते. जहाजावर फावल्या वेळात त्यांनी हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचलं होतं आणि त्यावरून त्यांचं मत झालं होतं की, समुद्रावर लिहिणाऱ्या बहुतेकांना बोट लागत असावी. "सगळे किनाऱ्यावर बसून लिवतात," ते म्हणत, "लाट दिसली की कविता. लाटेच्या मागं काय हाय ते कोण लिवणार? मी!" नम्रता त्यांच्या अंगी फारशी नव्हती आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. पुस्तकाच्या मलपृष्ठावर कोणता फोटो टाकायचा हे कादंबरीचं पहिलं प्रकरण संपायच्या आधीच ठरलं होतं. ओढून ठेवलेल्या होडीच्या कडेला खडूनं सही करायचा सराव ते करत. भरतीचं पाणी येऊन ती पुसून जाई, दुसऱ्या दिवशी नवी सही.

मी कॉलेजला गेले यातही नानांचा हात होता. वडील लवकर गेलेले. माझा धाकटा भाऊ जगन शाळा सोडून बोटीवर गेला होता. मॅट्रिक झाल्यावर मी घरी बसावं असंच सगळ्यांना वाटत होतं. नानांनी आईला सांगितलं, "पोरीला शिकू दे. माझी कादंबरी कोण शुद्ध करणार?" आईनं हसून विचारलं, "तुमच्या कादंबरीसाठी मी पोर शिकवू?" नाना गंभीरपणे म्हणाले, "मंग कशासाठी शिकवतात?" मला पदवी मिळाली त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बीए' म्हणायला लागले. आमच्या घराण्यात त्या दोन अक्षरांची हाक कोणालाच कधी मिळाली नव्हती. भर मासळीबाजारात "ए बीए!" अशी आरोळी आली की मला लाज वाटे, आणि आई मात्र मान ताठ करून टोपलीकडे बघत राही.

पुढे मला बोईसरला एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरी लागली. आठवडाभर मी तिथे असे. रविवारी नानांच्या ओटीवर बसून त्यांचा मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून काढी. त्यांच्या कादंबरीत एक मालवाहू जहाज होतं, सिमेंटनं भरलेलं, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराबाहेर नांगर टाकून खोळंबलेलं. अंधार पडला की छोट्या होड्यांतून चाचे येतात, बांबूला लोखंडी आकडे लावून जहाजाच्या कठड्याला अडकवतात आणि वर चढतात. जहाजावर हत्यार एकही नाही. खलाशी आग विझवायच्या होजनं पाण्याचा मारा करतात, कठड्याला ग्रीस फासतात, भोंगा वाजवतात. माणसं कमी म्हणून जुन्या बॉयलरसूटमध्ये चिंध्या कोंबून बाहुले करतात आणि पहाऱ्यावर उभे करतात. या सगळ्याचा नायक होता जहाजाचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. तो भित्रा असतो, पण युक्त्या सगळ्या त्यालाच सुचतात. नाना म्हणत, "भीतीला कामाला लावायचं, बीए. रिकामी ठेवली तर ती डेकभर फिरते आणि सगळ्यांना नासवते."

कादंबरी पुरी झाली आणि नानांनी ती प्रकाशकांकडे पाठवायला सुरुवात केली. त्यांची पाठवायची पद्धत अशी होती की, कागदांच्या गठ्ठ्यावर शिडाच्या जाड कापडाचं वेष्टण चढवून ते मेण लावलेल्या दोऱ्यानं, शिडाच्या दाभणानं शिवून टाकत आणि शेवटी एक खास खलाशी गाठ मारत. "समुद्रात पडलं तरी कोरडं राहील," ते अभिमानानं म्हणत. मी म्हटलं, "नाना, पोस्ट जमिनीवरून जातं." पण ते ऐकेनात. काही महिन्यांनी पुडकं परत येई, सोबत 'साभार परत'ची छापील चिठ्ठी. आणि गाठ तशीच्या तशी असे. एकानंही ती सोडली नव्हती. नाना पुडकं हातात फिरवून बघत आणि म्हणत, "न वाचता परत केलंय. म्हणजे नापसंत नाय केलं. फरक हाय त्यात." मग नवा पत्ता लिहून ते पुन्हा पोस्टात टाकत. शेवटी मी त्यांच्या नकळत ते कापड उसवलं, कागद साध्या खाकी पाकिटात घातले आणि कारखान्यातून मुंबईला एका प्रकाशकांकडे पाठवून दिले. महिन्याभरात भेटीला या म्हणून पत्र आलं. नानांना मी पाकिटाचं सांगितलं. "एवढी गाठ मारली होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "पांढरा शर्ट कुठं हाय?"

प्रकाशकांचं कार्यालय गिरगावात एका जिन्याखाली होतं. ते वयस्कर, पातळ आवाजाचे, सज्जन गृहस्थ होते. कादंबरी त्यांनी खरोखर वाचली होती. भंडाऱ्याचं पात्र आपल्याला फार आवडलं असं म्हणाले. नाना मान डोलावत होते, जणू भंडाऱ्याची नव्हे, त्यांचीच स्तुती चालली होती.

"पण एक अडचण आहे," प्रकाशक म्हणाले. "तुमचे लोक पाण्याच्या नळीनं लढतात."

"हो. तशीच लढतात."

"वाचकाला ते पचत नाही, नाना. समोर चाचे आहेत, आणि हे पाणी उडवतात, बाहुले उभे करतात. ही काय होळी आहे, रंगपंचमी आहे? जहाजावर बंदुका हव्यात."

"मालवाहू जहाजावर बंदूक नसते, साहेब."

"का बरं नसते?"

नानांनी बरीच कारणं सांगितली. प्रत्येक बंदरात वेगळा कायदा, बंदूक दिसली तर जहाज अडकवून ठेवतात. खलाशाला ती चालवता येत नाही. आणि चोराला कळलं की जहाजावर बंदूक आहे, तर तो परत जात नाही, मोठी बंदूक घेऊन येतो. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज थोडा बसला, एवढं मला आठवतं.

प्रकाशकांनी सगळं शांतपणे ऐकलं. "खऱ्या जहाजावर नसू द्या," ते म्हणाले. "कादंबरीच्या जहाजाला कोणता कायदा अडवतो? शेवटची तीन प्रकरणं बदला. भंडाऱ्याच्या हातात बंदूक द्या. मी छापतो. दिवाळीच्या आत."

परतताना वैतरणेची खाडी मागे पडेपर्यंत नाना गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, नाही म्हणणार. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "चल, बीए. जहाजाला बंदुका देऊ."

आता अडचण अशी की, बंदूक कशी असते ते नानांना लिहिण्यापुरतंही नीट माहीत नव्हतं. आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक पहारेकरी होते, उत्तर प्रदेशातले, पगाराच्या दिवशी दुनळी बंदूक घेऊन उभे राहायचे. कादंबरीचा मजकूर मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत थोडा थोडा सांगितलेला होता आणि रोज सकाळी ते विचारत, "बहनजी, जहाज छूटा कि अभी खड़ा है?" नाना त्यांना भेटायला मुद्दाम बोईसरला आले. बंदुकीचं वजन केवढं, धरायची कुठे, धक्का कसा बसतो, सगळं विचारून घेतलं.

"चलाया कितनी बार?" नानांनी विचारलं.

"एक बार भी नहीं, काका," पहारेकरी म्हणाले. "रोज साफ करता हूँ. भगवान करे, साफ ही करता रहूँ."

नाना हसले. पण घरी येऊन त्यांनी जहाजाच्या तळात, सिमेंटच्या पोत्यांमागे, कुठल्याशा फौजेसाठी चाललेली एक पेटी ठेवली. पेटीत बारा बंदुका. भंडारी कांदे शोधायला खाली उतरतो आणि त्याला ती सापडते. तीन प्रकरणं त्यांनी झपाटल्यासारखी लिहिली. शेवटच्या प्रकरणात भंडारी कठड्यावर पाय रोवून उभा राहतो आणि एकही चाचा जिवंत परत जात नाही.

गावात बातमी पसरली होती. सारंगनानांचं पुस्तक येणार. मच्छीमार सोसायटीच्या कट्ट्यावर माणसं त्यांना आधीच 'लेखक' म्हणू लागली होती. नाना ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि त्याच रस्त्यानं पुन्हा जात.

त्याच दिवसांत समुद्रात आमच्या काही बोटींची जाळी कापली गेली. अंधारात कोणीतरी येऊन जाळी तोडून मासळीसकट नेत होतं. कोण ते कळत नव्हतं, पण नावं घ्यायला सगळेच तयार होते. एक जाळं जाणं म्हणजे घराचा एक मोसम जाणं. जगन तेव्हा नुकताच बोटीचा तांडेल झाला होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमात होती. त्याचंही एक जाळं गेलं. तो घरी जेवायला बसे, पण कोणाशी बोलत नसे.

नवी प्रकरणं वाचायची म्हणून नाना किनाऱ्यावर आले तेव्हा बायांबरोबर तरुण पोरंही जमली होती. बोटींच्या सावलीत जाळी विणत बसली होती, म्हणजे हात कामात होते. नाना खूश झाले. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पेटी उघडली तेव्हाच पोरांनी शिट्ट्या मारल्या. पहिली गोळी सुटली तेव्हा एक जण ओरडला, "घाला, नाना, घाला!" जगन मागे उभा होता. तो शिट्टी वाजवत नव्हता. एकटक ऐकत होता.

आणि बायांचे हात थांबले. एका जागी नव्हे, सगळीकडे, एकदम. माझ्या आईच्या हातात बोंबलाची जोडी तशीच लोंबकळत राहिली, तिनं ती दोरीवर टाकलीच नाही. नानांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पेन्सिल काढून त्यांनी समासात एवढी मोठी खूण केली की कागद फाटला. इतकी वर्षं वाचत आले होते, पण सगळ्या बायांचे हात एकाच वेळी थांबलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. वाचन संपल्यावर ते मला म्हणाले, "प्रकाशकाला अक्कल हाय, बीए. मानलं त्याला."

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, आई मला घेऊन नानांच्या घरी गेली. नाना खुशीत होते. "ये, बाय, बस. काय झालं प्रकरण!"

आई बसली नाही. "नाना, तुमी खूण केलीत ती पुसा."

"का?"

"आमचे हात थांबले ते गोष्टीनं नाय थांबले. भ्यानं थांबले."

"भीती वाटायलाच पायजे. चाचे हायत ते."

"चाच्यांची नाय, ओ." आई पुढे आली. "माझ्या माळ्यावर बंदूक हाय. जुन्या जाळ्याच्या खाली, गोणपाटात. जगननं आणलीय, जव्हारकडच्या कोणा शिकाऱ्याची. उद्याच्या पाण्याला नेणार हायत. सगळ्या आयांना ठावं हाय आणि एकीनं तोंड उघडलेलं नाय. आणि तुमी आज पोरांना सांगितलंत की बंदूकवाले जिंकतात."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग मांडीवरच्या कागदांकडे. ते कागद त्यांनी उपडे घातले. मग एवढंच विचारलं, "बोट कधी निघते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीवर बर्फ भरला जात होता तेव्हा नाना तिथे गेले. आई आणि मी मागोमाग गेलो. ती तीन प्रकरणं त्यांच्या हातात होती. गोणपाटाचं लांबट गाठोडं बोटीत नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाला, आडवं ठेवलेलं सगळ्यांनाच दिसत होतं आणि ते दिसत नसल्यासारखं सगळे वागत होते.

"जगन," नाना म्हणाले, "भंडाऱ्याचं एक राहिलं सांगायचं."

"ऐकलं की काल, नाना. भारी होतं."

"ते खोटं होतं. छापून यावं म्हणून लिवलेलं. खरा भंडारी माझ्या जहाजावर होता. माझ्याहून लहान. रोज मला चहात आलं घालून द्यायचा, मी नको म्हटलं तरी." पोरांनी बर्फाची घमेली खाली ठेवली. "चोर यायचे. दोरखंड न्यायचे, रंगाचे डबे न्यायचे. आमी पाणी मारायचो, बोंब ठोकायचो. ते पळायचे, कधी नाय पळायचे. पण कोणाला खरचटलं नाय. मंग एका तरुण साहेबानं गुपचूप पिस्तूल आणलं. एका रात्री त्यानं ते झाडलं. हवेत, बरं का. नुसतं भ्या दाखवायला. खालून होडीतून उत्तर आलं. भंडारी होज धरून माझ्या बाजूला उभा होता."

नानांनी स्वतःच्या छातीवर, डाव्या बाजूला, बोट टेकवलं. तेवढंच.

"मी ते कधी लिवलं नाय," ते म्हणाले. "कादंबरीत मी त्याला वाचवला. पाण्यानं वाचवला, बाहुल्यांनी वाचवला. तिथं तरी जगू दे म्हटलं. आणि आता माझ्या नावापायी मी त्याच्याच हातात बंदूक दिली."

जगन खाली बघत होता. "मंग काय करायचं, नाना? जाळी कापून देत राहायची? तुमचं पुस्तक येईल. आमचं काय?"

"सौदा कर माझ्याशी," नाना म्हणाले. "तुझी एक हाय, माझ्या बारा हायत. तू तुझी उतरव, मी माझ्या उतरवतो. दोघं पण किनाऱ्यावर ठेवू."

जगनला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं मान वर केली. नानांच्या पुस्तकाची वाट सगळं गाव बघत होतं. खडूच्या सह्या त्यानंही रोज पाहिल्या होत्या. "मंग तो छापील काय?" त्यानं विचारलं.

"नाय छापणार."

"नाना, राहू द्या ओ. तुमची तर कागदावर हाय."

"काल कागदावरनंच उतरून तुझ्या डोळ्यांत आली होती. मी बघितली नाय, तुझ्या आयनं बघितली."

जगन नाळेकडे गेला, गाठोडं उचललं आणि आईच्या हातात दिलं. आईनं ते असं धरलं जसं तापलेलं भांडं धरतात. नानांनी तीन प्रकरणं माझ्या हातात दिली. म्हणाले, "फाडू नको. मागच्या बाजूनं कोरी हायत, लिवायला होतील." त्या दिवशी बोट उशिरा निघाली. ठासणीची ती बंदूक ज्याची होती त्याला परत गेली.

प्रकाशकांना सांगायला नाना पुन्हा गिरगावात गेले. मी बरोबर होते. प्रकाशकांनी कपाळाला हात लावला. "अहो, आगामी पुस्तकांच्या जाहिरातीत तुमचं नाव टाकलंय मी."

"काढा, साहेब. माझ्या पोरांना ते वाचून वाटेल की जहाजावर बंदूक असली की माणसं वाचतात."

"तुम्हाला किती मुलं?"

"एक पण नाय," नाना म्हणाले. "बोटी मात्र पुष्कळ हायत."

प्रकाशकांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. बंदुकीविना कादंबरी छापायची हिंमत आपल्याला होत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण बाहुल्यांचं प्रकरण त्यांनी ठेवून घेतलं आणि एका दिवाळी अंकाच्या संपादकांना दिलं. ते त्या वर्षी छापून आलं. खाली नानांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अंक हातात आल्यावर नानांनी तो आधी हुंगला. मग किनाऱ्यावर नेऊन, ज्या बायांना ती गोष्ट पाठ होती त्यांनाच पहिल्यापासून वाचून दाखवली. संपादकांनी त्यातलं एक वाक्य गाळलं होतं. ते कसं मोलाचं होतं, हे नाना शेवटपर्यंत सांगत राहिले. कादंबरीचं पुस्तक झालं नाही. "पण जेवढं छापलं तेवढ्यात भंडारी जिता हाय," ते म्हणत. मलपृष्ठासाठी काढलेला फोटो त्यांनी ओटीवर लावला.

त्या दिवसानंतर त्यांच्या वाचनात एकच बदल झाला. ते पूर्वीसारखेच बायांकडे जात, टोपलीवर बसत, हातांवर लक्ष ठेवत. पण हात थांबले की लगेच खूण करत नसत. वाचणं थांबवून विचारत, "का थांबलीस, बाय?" बाया सांगत. कोणाला गोष्ट आवडलेली असे. कोणाला घरी आजारी असलेलं पोर आठवलेलं असे. मग ते गोष्ट बाजूला ठेवून त्या पोराची चौकशी करत. पुष्कळदा त्या दिवशी पुढचं वाचन होतच नसे. मी नोकरीत, पुढे संसारात, माणसांशी वागताना जे काही थोडंफार शिकले ते या प्रश्नानं शिकवलं. समोरचा गप्प झाला तर ती आपल्या बोलण्याला मिळालेली दाद आहे असं मी धरून चालत नाही. विचारते.

जगनला मात्र नानांनी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. आपले निळे बॉयलरसूट काढून दिले. जुन्या जाळ्यांच्या चिंध्या कोंबून त्यांचे दोन खलाशी झाले. एक बोटीच्या मागच्या अंगाला उभा, एक केबिनला टेकून. त्यांच्या अंगावर कंदिलाचा उजेड कसा पडला पाहिजे, हेही नानांनी बोटीवर जाऊन दाखवलं. जाळी कापणारे त्या बाहुल्यांना घाबरले, की त्याच सुमारास गावांच्या बैठका होऊन तंटा मिटत गेला, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. नाना अर्थात खात्रीनं सांगत.

ते गेले ते झोपेत. त्यांच्या पाठीमागे घर होतं, कोरे कागद होते आणि खुंटीवर शेवटचा एक बॉयलरसूट होता, तो ते गावातल्या बोटी रंगवताना घालत. त्यावर वेगवेगळ्या बोटींच्या रंगांचे डाग होते. जगननं तो मागून घेतला. बोटीवरचे आधीचे दोन उन्हापाण्यानं विटून फाटले होते. त्यांच्या जागी आता हा एकटा उभा असतो, मागच्या अंगाला, किनाऱ्याकडे तोंड करून. बोट बंदरात शिरताना लहान मुलं ओरडतात, "नाना आले!" त्यातल्या बऱ्याच जणांनी नानांना पाहिलेलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर ते कोणाला दाखवावं, हा प्रश्न मला पडला नाही. गेल्या रविवारी मी सातपाटीला गेले. आई आता थकली आहे, पण दोरीपासून तिला कोणी हलवू शकत नाही. मी टोपली उपडी घातली, वाऱ्याच्या बाजूला बसले आणि वाचायला लागले. माझा आवाज नानांसारखा नाही. बाया ऐकत होत्या, हात चालू होते. सूर्यास्ताच्या ठिकाणी त्या हसल्या. बंदुकीच्या ठिकाणी हात मंदावले, पण थांबले नाहीत. मी शेवटच्या पानावर आले, आणि आईचे हात थांबले. बोंबलाची जोडी तिच्या हातात तशीच राहिली होती. मी पेन्सिल काढली नाही. वाचणं थांबवलं आणि विचारलं, "का थांबलीस, आई?"

ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिची नजर माझ्या डोक्यावरून समुद्राकडे लागली होती.

"काय नाय ग," ती म्हणाली. "जगनची बोट येतेय. मागं नाना उभा हाय का बघत होते." तिनं डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं, मग जोडी दोरीवर टाकली. "हाय. वाच पुढं."